कुलूप शाबूत, दार उघडं! कुलूप लावलेलं दार फुटू नये म्हणून नक्की काय करावं?

शांभवी_क

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमच्याकडे चोरी झाली. घराच्या मागे एक वेगळी खोली आहे, एकच दार असलेली. बाबांची सुतारकामाची सगळी हत्यारं तिथे असायची. आम्ही तीन दिवस बाहेर होतो. परत आल्यावर बाबा मागे गेले आणि तिथेच थबकले. दार वीतभर उघडं होतं आणि कुलूप मात्र लागलेलं!

कडीची पट्टी दारातून उपटून आली होती आणि कुलपासकट चौकटीच्या कोयंड्याला लोंबकळत होती. पट्टीचे चारही स्क्रू तिच्यातच अडकलेले. एक काढून मोजला, जेमतेम २० मिलिमीटर. दारावर चार भोकं आणि उंबऱ्यावर चिमूटभर भुसा. कुलपावर एक ओरखडाही नाही.

ते कुलूप निवडायला मी दोन तास घालवले होते. कडीच्या स्क्रूंकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

आता सगळे म्हणतात, याहून मोठं कुलूप आणा. मला ते पटत नाही. दार लाकडी आहे, ३५ मिलिमीटर जाडीचं, बाहेरच्या बाजूला उघडतं, बिजागऱ्याही बाहेरच आहेत. बाबांना दार बदलायचं नाही, कारण ते त्यांनी स्वतः केलेलं आहे. आहे त्याच दाराला काय करता येईल? ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे किंवा ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निशिगंध

फार वाईट वाटलं वाचून. वस्तूंपेक्षा त्यामागचे हात आठवतात. तक्रार दिली असेलच. हत्यारांवर काही खुणा, नावं कोरलेली असतील तर तेही लिहून द्या.

पाऊलवाट

वाचतेय. आमच्या मागच्या दाराचीही अगदी हीच गत आहे. आत्ता उठून बघितलं, स्क्रू हाताने हलतात!

सुतारपक्षी

शांभवीताई, तुमची शंका बरोबर आहे. मोठं कुलूप आणून काही होणार नाही. मी तीस वर्षं दारं-खिडक्यांचं काम करतोय. फोडलेली दारं दुरुस्त करायला बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा कुलूप धडच असतं. सुटलेली असते ती कडी, नाहीतर फाटलेली असते चौकट.

याचं कारण साधं आहे. एक मीटर लांबीची पहार घ्या. तिचं टोक कडीखाली पाच सेंटीमीटर घुसवा आणि दुसऱ्या टोकावर भार द्या. जोर जवळपास वीसपट होतो. माणसाने ४० किलोचा रेटा दिला तरी कडीवर सात-आठशे किलोची ओढ येते. २० मिलिमीटरचे चार स्क्रू ती कशी सोसणार? त्यातून ते दाराच्या कडेला, लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारलेले असले तर आणखीच वाईट. रेषेला आडवा मारलेला स्क्रू धरतो. रेषेत मारलेला स्क्रू तंतूंमधून सरळ सरकत बाहेर येतो, नुसता भुसा करत. तुमच्या उंबऱ्यावरचा भुसा तोच.

उपाय: स्क्रू काढून टाका आणि आरपार बोल्ट घाला.

गोल घुमटासारख्या डोक्याचे कॅरेज बोल्ट मिळतात. डोक्याला स्क्रू-ड्रायव्हरची खाच नसते, पाना धरायला कोपरे नसतात. डोक्याखाली मानेला चौकोनी भाग असतो. कडी घेतानाच चौकोनी भोकांची जाड पट्टी घ्या, म्हणजे ती मान लोखंडात अडकेल. नुसत्या लाकडात बसवली तर जोर लागल्यावर आतलं लाकूड झिजतं आणि बोल्ट जागच्या जागी फिरायला लागतो. डोकं बाहेर, नट आत.

आतल्या बाजूला नुसती वॉशर लावून थांबू नका. दाराच्या आतून एक लोखंडी पट्टी लावा, ५ मिलिमीटर जाडीची, बाहेरच्या कडीपेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठी. मग ओढ चार भोकांवर न येता पूर्ण पट्टीवर पसरते. पट्टी बाहेर यायची तर दाराची फळीच फोडावी लागेल. नट घट्ट झाल्यावर बोल्टचं जास्तीचं टोक कापा आणि उरलेल्या आट्यांवर हातोडीचे चार ठोके देऊन त्या चेपून टाका. नट परत सुटत नाही.

कोयंड्यालाही हेच करायचं. चौकट आतून उघडी दिसत असेल तर तिच्यातूनही बोल्ट आरपार घ्या. एक बाजू भक्कम आणि दुसरी कच्ची राहिली तर चोर कच्ची बाजू उचकटणार.

रानवारा

सुतारपक्षी, तुम्ही दार पोखरून आतलं सगळं दाखवलंत! वाचनखूण साठवली.

मितभाषी

माझं थोडं वेगळं मत आहे. आजकाल बॅटरीवर चालणारे ग्राइंडर आले आहेत. त्यापुढे कुलूप, कडी, बोल्ट सगळं सारखंच. मग एवढा खटाटोप का करायचा? मौल्यवान वस्तू तिथे ठेवूच नयेत.

सुतारपक्षी

@मितभाषी, ग्राइंडर सगळं कापतो हे खरं आहे. पण त्याचा आवाज चार घरं उठवतो आणि अंधारात ठिणग्या लांबून दिसतात. पहार आवाज करत नाही. शांभवीताईंचं दार पहारीने उघडलं, बहुधा मिनिटभरात, शेजारी झोपलेले असताना. चोराला आवाज करायला किंवा वेळ घालवायला भाग पाडणं एवढंच दाराच्या हातात असतं. तेवढं झालं तरी बरेच जण पाय काढता घेतात.

आणि वस्तू तिथे ठेवू नका म्हणता, पण सुताराने रंधा-करवत ठेवायची कुठे? उशाशी?

धूरकरी

मी अग्निशमन दलात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बंद दारं उघडणं हे आमचं रोजचं काम होतं, म्हणून दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

दारासमोर उभं राहिलं की आमची नजर आधी कुलपावर जात नसे. पहिल्यांदा चौकट बघायचो. भिंत आणि चौकट यांच्यात फट आहे का, चौकट हलते का, लाकूड खालून कुजलंय का. मग बिजागऱ्या. मग कडी. कुलूप सगळ्यात शेवटी. जिथे कमी कष्टात दार सुटेल तिथे पहार. शिकाऊ मुलं आली की कुलपाशी झटत बसायची, त्यांना हेच शिकवावं लागे. चोरही याच क्रमाने बघतो असं धरून चाला.

शांभवी, उद्या सकाळी चौकटीच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघ. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत. ओल तिथेच बसते. टोक लोण्यासारखं आत गेलं तर आधी तिथलं लाकूड बदल, मग बोल्टांचं बघ. चौकट भिंतीला कशी धरली आहे तेही तपास. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, गंजून तुटले असतील तर अख्खी चौकट कडी-कुलपासकट बाहेर येते. मी तसं अनेकदा केलं आहे.

कुलूपवेडा

कडी-कोयंड्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण कुलपाला अगदीच दुय्यम ठरवू नका. कडी भक्कम केली की चोराची नजर कुलपावर वळणारच.

आधी कुलपाची कमान. म्हणजे वरचा यू आकाराचा दांडा. कमान ६ मिलिमीटरची असेल तर हातात मावणारा बोल्ट कटर ती कचकन तोडतो. कठीण केलेल्या पोलादाची १० ते १२ मिलिमीटरची कमान तोडायला मोठा, दोन हातांनी चालवायचा कटर लागतो आणि घामही निघतो. पोलाद खरंच कठीण केलेलं आहे का हे पाहायचं असेल तर कानस घ्या आणि कमानीवर, दिसणार नाही अशा जागी एकदा हलकेच ओढा. साधं लोखंड असेल तर कानस चावते आणि चकचकीत ओरखडा उठतो. कठीण पोलादावर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. वर क्रोमचा मुलामा असला तर तो थोडा खरवडला जाईल, त्याखालचं बघा. जुन्या कुलपांवर मी हे करतोच, नव्यावर दुकानदार करू देत नाही.

दुसरी गोष्ट, कमान आणि कुलपाचं अंग यांच्यातली मोकळी जागा. ती जितकी कमी तितकी पहार किंवा कटरचा जबडा आत शिरायला वाव कमी. काही कुलपांना दोन्ही बाजूंनी वर आलेले खांदे असतात, कमान त्यांच्यात झाकलेली असते. चपटी, चकतीसारखी कुलपंही असतात. त्यांची कमान पाठीमागे दडलेली असते, पण त्यांना त्याच मापाचा खास कोयंडा लागतो. जाड कमानीचं कुलूप आणाल आणि कोयंड्याचं भोक लहान निघेल, असंही होतं. आधी भोक मोजा.

तिसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. किल्लीशिवाय नुसतं दाबून खटकन लागणारी स्वस्त कुलपं स्प्रिंगच्या जिभेवर चालतात. ती जीभ पातळ पत्र्याने मागे सरकवता येते, किल्लीची गरजच नाही. त्यापेक्षा ज्यात कमान दोन्ही बाजूंना पोलादी गोळ्यांनी अडवली जाते ते कुलूप घ्या, किंवा किल्ली फिरवल्याशिवाय लागतच नाही ते.

युरोपात कुलपांसाठी ईएन १२३२० नावाचं मानक आहे. त्यात १ ते ६ अशा श्रेणी आहेत, ६ सगळ्यात वरची. कमान कापणं, ओढणं, पिळणं यांना कुलूप किती तोंड देतं हे त्यात तपासतात. वेष्टनावर तो आकडा असेल तर पाहा. ‘अतिसुरक्षित’ वगैरे शब्द कोणीही छापतं.

शेवंती

@कुलूपवेडा, अवांतर विचारते. किल्लीशिवाय कुलूप उघडणारे लोक असतात ना, त्यांच्यापासून काय करायचं?

कुलूपवेडा

अवांतर कसलं, माझा आवडता विषय आहे :)

१८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. अमेरिकेहून अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ तिथे आला. तेव्हा चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप अभेद्य मानलं जायचं. कोणी चुकीच्या किल्लीने खटपट केली तर ते आतून अडकायचं आणि मालकाला कळायचं. हॉब्जने ते सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं! मग तो ब्रामा या दुसऱ्या कंपनीच्या कुलपाकडे वळला. ते कुलूप दुकानाच्या खिडकीत अनेक दशकं टांगलेलं होतं आणि उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलेलं होतं. हॉब्जला त्यासाठी सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण त्याने ते उघडलं. इंग्लंडात केवढी खळबळ माजली होती!

मला यातली चबची युक्ती फार आवडते. कुलूप उघडलं गेलंच तरी कोणीतरी हात लावला होता हे मालकाला समजलं पाहिजे, हा विचार १८१८ सालचा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: असे कसबी हात फार थोडे असतात आणि ते मागच्या खोलीच्या दाराशी येत नाहीत. तरी काळजी असेल तर चकत्यांवर चालणारं कुलूप घ्या. ती रचना फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन यांनी १९०७ साली केली. आत स्प्रिंगा नाहीत, त्यामुळे धूळ आणि थंडीही ते चांगलं सोसतं.

हमालदादा

मी गोदामावर काम करतो. आमच्याकडे घडलेलं सांगतो.

सकाळी कुलूप उघडायचं आणि उघडंच कोयंड्याला अडकवून ठेवायचं ही सगळ्यांची सवय होती. संध्याकाळी तेच दाबून लावायचं. एक दिवस सकाळी किल्ली लागेना. आम्ही म्हटलं कुलूप गंजलं, तेल घातलं, तरी नाही. शेवटी तोडलं. आत गेलो तर मागच्या रांगेतला माल गायब. मग कळलं, आम्ही तोडलेलं कुलूप आमचं नव्हतंच. दिवसा कोणीतरी आमचं कुलूप काढून तसंच दिसणारं आपलं लावून ठेवलं होतं. संध्याकाळी आम्हीच आमच्या हाताने चोराचं कुलूप लावून घरी गेलो. रात्री तो त्याच्या किल्लीने आला, माल नेला आणि परत कुलूप लावून गेला.

तेव्हापासून नियम केला. दार उघडलं की कुलूप रिकाम्या कोयंड्यात घालून तिथेच लावून टाकायचं, किल्ली काढून खिशात. आणि कुलपाच्या पाठीवर रंगाचा ठिपका, आमचं आम्हाला ओळखू यावं म्हणून. एक रुपयाही लागत नाही याला.

किल्लीवर नंबर कोरलेला असतो तोही घासून टाका. नंबर वाचून किल्ली बनवून घेता येते.

पाऊलवाट

बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. आमचं कुलूप दिवसभर उघडं लोंबत असतं. आजपासून बंद.

निशिगंध

@हमालदादा, अंगावर काटा आला. लिहिलंत ते फार बरं केलंत.

शटरवाली

माझं दुकान आहे, त्यामुळे शटरबद्दल चार शब्द. शटरला दोन टोकांना दोन कुलपं लावली म्हणजे झालं असं वाटतं. पण रुंद शटरची मधली पट्टी कच्ची असते. मधोमध जॅक किंवा पहार लावून पत्रा वर वाकवतात आणि खालून माणूस सरपटत आत जातो. टोकाची कुलपं तशीच राहतात. आमच्या शेजारच्या दुकानात हेच झालं. आम्ही मग मधे जमिनीत रोवलेला कोयंडा आणि तिसरं कुलूप घेतलं. कुलपांभोवती जाड पत्र्याची पेटी वेल्ड करून घेतली. खालून हात घालून किल्ली फिरवता येते, पण कटरचा जबडा आत जात नाही.

पेटी करताना एक चूक टाळा. किल्ली धरलेला हात आत फिरेल एवढी जागा सोडा. आमची पहिली पेटी इतकी अरुंद झाली की रोज बोटं सोलवटायची, परत करून घ्यावी लागली.

मितभाषी

सुतारपक्षींचं उत्तर पटलं. ग्राइंडरचं मी एकाच बाजूने पाहत होतो. तरी एक मुद्दा मांडतो. बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच की! रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. दाराच्या आत बसणारं कुलूप असेल तर माणूस आत आहे की बाहेर ते समजत नाही. मुख्य दाराला तरी लोंबतं कुलूप नको असं माझं मत आहे.

सुतारपक्षी

+१. मुख्य दाराला आत कोरून बसवलेलं कुलूपच बरं. मागच्या खोल्या, गोदामं, फाटकं, जिथे तसंही कोणी राहत नाही, तिथे लोंबतं कुलूप ठीक. मात्र आत कोरून बसवताना दाराची कड पोकळ होते. ३५ मिलिमीटरच्या दारात ते कोरायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंना फारच थोडं लाकूड उरेल. शांभवीताईंच्या दाराला मी ते सुचवणार नाही.

ऋतुरंग

बिजागऱ्यांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. दार बाहेर उघडतं म्हणजे बिजागरीची खिळी बाहेर दिसते. खालून ठोकली की वर येते. दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्या काढल्या की दार कुलपाच्या उलट्या बाजूने निघतं. कुलूप, कडी, तुमचे बोल्ट सगळं जागेवर!

सोपा उपाय आहे, मी स्वतः केला. दार पूर्ण उघडा. बिजागरीच्या दोन पात्यांवर समोरासमोर येणारं एकेक भोक निवडा आणि दोन्हीतले स्क्रू काढा. चौकटीकडच्या भोकात जाड, लांब स्क्रू पिळा, पण डोकं १०-१२ मिलिमीटर बाहेर राहू द्या. मग हॅकसॉने डोकं कापा आणि टोक कानशीने गोल करा. समोरचं दाराकडचं भोक तेवढंच खोल आणि रुंद करा. दार मिटलं की तो खुंट समोरच्या भोकात जाऊन बसतो. आता खिळ्या काढल्या तरी दार त्या बाजूने सरकत नाही. वरच्या, खालच्या आणि मधल्या अशा सगळ्या बिजागऱ्यांना करा. दार मिटताना खुंट घासत असेल तर कानशीने अजून थोडा गोल करा. माझा मधला खुंट तीनदा काढून घासावा लागला, मग बसला.

वेल्डिंग मशीन हाताशी असेल तर खिळीची दोन्ही टोकं वेल्ड करणं हाही मार्ग आहे. पण मग दार कधी उतरवायचं झालं तर अडचण.

शेवंती

कॅमेरा लावून टाका की! निदान चेहरा तरी मिळेल.

धूरकरी

@शेवंती, कॅमेरा हवाच, पण तो दार धरून ठेवत नाही. आधी दार, मग कॅमेरा. दाराशी माणूस आल्याबरोबर उजेड पडेल असा सेन्सरचा दिवा मात्र लगेच लावा. अंधारात काम करणाऱ्याला उजेड मुळीच आवडत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहितो, जरा मोठं होईल.

आतून जाळी आणि कुलूप, बाहेरून कडी आणि कुलूप, खिडक्यांना गज, असं सगळं भक्कम करताना आत माणूस असेल तर तो बाहेर कसा येणार, याचा विचार आधी करा. मी अशा दाराच्या आतून येणारा आवाज ऐकला आहे. किल्ली घरातच होती, पण धुरात कोणाला सापडली नाही. आम्ही वेळेवर पोचलो म्हणून ते कुटुंब वाचलं. सगळ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही.

न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. बाहेर पडण्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून मालक ते बंद ठेवत असत.

म्हणून माझी विनंती आहे. जिथे माणूस झोपतो किंवा काम करतो तिथे बाहेरून कुलूप कधीही लावू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. लहान मूल आत झोपलंय म्हणून बाहेरून कडी लावून जाणारे लोक मी पाहिले आहेत. आतल्या जाळीला कुलूप लावणारच असाल तर किल्ली दारापासून हाताच्या अंतरावर, एकाच ठरलेल्या खिळ्यावर, घरातल्या प्रत्येकाला अंधारात सापडेल अशी ठेवा. फक्त ती जाळीतून बाहेरच्या हाताला पोचू नये. महिन्यातून एकदा दिवे बंद करून मुलांना ती शोधायला लावा.

शांभवी, तुमच्या खोलीत बाबा तासन् तास काम करत असतील. ते आत असताना बाहेरची कडी लोंबती ठेवू नका. वाऱ्याने किंवा खेळणाऱ्या पोरांच्या हातून ती कोयंड्यावर बसू शकते.

रानवारा

धूरकरी काका, हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर ठेवायला हवा. आत्ताच आमच्या जाळीच्या किल्लीसाठी खिळा ठोकला.

निशिगंध

खरंय. आमच्याकडे किल्ली दर वेळी वेगळ्या खणात असते. आज जागा ठरवते.

कुलूपवेडा

देखभालीबद्दल राहिलं होतं. बाहेरच्या कुलपात खाद्यतेल किंवा घट्ट तेल घालू नका. सुरुवातीला मऊ वाटतं, मग त्यात धूळ बसून चिकट लगदा होतो आणि ऐन वेळी किल्ली अडते. ग्राफाइटची कोरडी पूड उत्तम. मिळाली नाही तर पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली चार वेळा आतबाहेर करा. कुलूप टांगताना किल्लीचं भोक खाली असू द्या, म्हणजे पाणी आत साचत नाही. भोकावर झाकण असलेलं मिळालं तर आणखी चांगलं. गंजलेल्या कुलपात जोर करून किल्ली फिरवली की ती आतच तुटते, आणि मग आपल्याच दारासाठी कटर शोधत फिरावं लागतं.

सुतारपक्षी

शांभवीताई, चौकट तपासलीत का? धूरकरींनी सांगितलं ते आधी करा. बोल्ट नंतर.

शांभवी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे उत्तर देता आलं नाही, कारण काम चालू होतं. काय काय केलं ते लिहिते.

धूरकरी काकांनी सांगितल्याप्रमाणे चौकटीच्या पायाशी स्क्रू-ड्रायव्हर दाबला. कडीच्या बाजूला ठीक होतं. बिजागरीच्या बाजूला तो मुठीपर्यंत गेला! बाहेरून रंग चकचकीत आणि आत नुसता भुगा. कुठल्याही कुलपाने काही झालं नसतं. बाबांनी खालचा हातभर तुकडा तिरपा कापून नवीन लाकूड सांधलं. त्यांचा रंधा गेलाय, म्हणून शेजारच्या काकांचा आणला. पहिली ढलपी काढल्यावर म्हणाले, याचं पातं कोणी धार न लावताच वापरलंय, आणि अर्धा तास धार लावत बसले. चोरी झाल्यापासून त्यांना असं कामात रमलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मग १० मिलिमीटरचे चार कॅरेज बोल्ट, आतून ५ मिलिमीटरची पट्टी. आटे बाबांनी स्वतः चेपले. कोयंड्यालाही आरपार बोल्ट. ऋतुरंग यांचे खुंट तिन्ही बिजागऱ्यांना केले, आमचाही मधलाच त्रास देत होता. दार आणि चौकट यांच्या फटीवर लोखंडी अँगल लावून घेतला, आता पहारीचं टोक घालायला जागा दिसत नाही. नवीन कुलूप खांदेवालं. जुनं मी कानशीने तपासलं, कानस घसरली. म्हणजे ते चांगलंच होतं, ते फाटकाला लावलं.

कुलपाच्या पाठीवर हिरवा ठिपका आहे, हमालदादा. आणि बाबा आत असतात तेव्हा कुलूप रिकाम्या कोयंड्यात लावून ठेवतो, म्हणजे कडी त्यावर बसूच शकत नाही. एका सवयीत दोन्ही कामं झाली.

हत्यारं अजून मिळालेली नाहीत. निशिगंध, खुणांची यादी दिली आहे. रंध्याच्या बुडाला आजोबांनी कोरलेली छोटी चांदणी आहे, तीही लिहून दिली.

धूरकरी

कडी आणि रिकाम्या कोयंड्याचं हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. शाब्बास.

हमालदादा

रंधा मिळाला तर नक्की कळवा. जुनी हत्यारं विकणाऱ्यांकडेही एक चक्कर टाका, चांदणी लगेच ओळखू येईल.

सुतारपक्षी

तिरपा सांधा केला हे उत्तम. सरळ कापून जोडला असता तर तिथेच उघडला असता. बाबांना माझा नमस्कार सांगा. अँगलचं वजन दारावर आहे की चौकटीवर?

शांभवी_क

दारावर. नमस्कार सांगितला, खूश झाले. दार आता जड लागतंय, उघडताना बिजागऱ्या कुरकुरतात. त्यांनाही ग्राफाइटच घालायचं का?

सुतारपक्षी

नाही, बिजागरीला साधं तेल चालेल. दोन थेंब वरच्या टोकाला घाला, दार दहा वेळा उघडमीट करा आणि ओघळलेलं पुसून घ्या. महिन्याभराने वरच्या बिजागरीचे स्क्रू परत एकदा आवळून बघा, वजन तिच्यावरच येणार आहे.